निसर्गाचा जमाखर्च

एखाद्या शहरानें आपलें सांडपाणी नदींत सोडावयाचें ठरविलें म्हणजे खालच्या अंगास वसलेल्या गांवांच्या मनांत पहिला प्रश्न असा येतो कीं, आपल्या घाटापर्यंत हें पाणी येऊन पोंचेल तेव्हां तें कोणत्या स्थितींत असेल? त्यांतले मासे जगतील काय? शहराच्या कारभाऱ्यांपुढें दुसराच प्रश्न असतो: सोडण्यापूर्वीं या पाण्यांतला मैला किती काढला म्हणजे पुरे होईल? चौथा हिस्सा काढून भागेल, कीं निम्मा काढला पाहिजे? दोन्ही प्रश्न पैशाचे आहेत आणि आरोग्याचेही आहेत. आणि दोहोंचें उत्तर पाणी सोडण्याच्या आधीं हवें असतें. नदी ही कांहीं प्रयोगशाळेंतील कांचेची नळी नव्हे. एकदां मैला सोडून पाहूं, मासे मेले तर दुसऱ्या नदीवर पुन्हां प्रयोग करूं, असें म्हणतां येत नाहीं.

अशा वेळीं शास्त्रज्ञ एक नदी कागदावर तयार करतो. तिच्यांत पाण्याऐवजीं आंकडे वाहतात, आणि हव्या तितक्या वेळां मैला सोडला तरी कोणाचें नुकसान होत नाहीं. निसर्गाच्या अशा आंकड्यांतील प्रतिकृतीला इंग्रजींत ‘मॉडेल’ म्हणतात. आपण तिला प्रतिमान म्हणूं. या शब्दाचा अर्थ ‘आदर्श’ असा मात्र कोणी करूं नये. प्रतिमान ही नकाशासारखी वस्तु आहे. पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्याला जो नकाशा उपयोगी पडतो त्यांत रस्ते असतात, नद्या असतात, घाट असतात. पण रस्त्याकडेचीं झाडें नसतात, आणि तीं नसतात म्हणूनच तो नकाशा घडी करून खिशांत ठेवतां येतो. काय गाळावयाचें हें ज्याला कळलें त्याला नकाशा काढतां आला; आणि काय गाळलें आहे हें ज्याला विचारतां आलें त्याला नकाशा वाचतां आला. पर्यावरणशास्त्रांतील प्रतिमानांचीं मूळाक्षरें शिकणें म्हणजे या दोन गोष्टी शिकणें होय. त्यासाठीं उच्च गणिताची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. जमाखर्च लिहितां आला म्हणजे आरंभापुरतें पुष्कळ झालें.

पहिला धडा घरच्या हौदाचा घेऊं. समजा, हौदांत ५,००० लिटर पाणी आहे. रोज १,००० लिटर पाणी नळानें त्यांत येतें आणि तितकेंच तोटीनें बाहेर जातें. हिशेबनीस जसा प्रथम कोणाच्या नांवाचें खातें लिहावयाचें तें ठरवितो, तशा आपण प्रथम हौदाच्या भिंती ही आपल्या हिशेबाची शींव ठरवूं. शिंवेच्या आंत आलें तें जमा, बाहेर गेलें तें खर्च, आणि जमेंतून खर्च वजा जातां जें उरेल ती शिल्लकेंतील वाढ किंवा घट. तळ्याचें प्रतिमान असो, जंगलाचें असो कीं साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचें असो, त्याचा पाया या एका वाक्यांत आहे. कारण द्रव्य शून्यांतून निर्माण होत नाहीं आणि शून्यांत विलीनही होत नाहीं. एखाद्या पदार्थाचा ताळा जमत नसेल तर तो कोठें तरी गेला आहे, आणि तो कोठें गेला हें हुडकून काढणें हेंच पुष्कळदां खरें संशोधन असतें.

या हौदाच्या खात्यांतून एक उपयोगी संख्या लगेच हातीं येते. ५,००० ला १,००० नें भागलें म्हणजे ५ येतात. अर्थात् पाण्याचा थेंब या हौदांत सरासरी ५ दिवस मुक्काम करतो. आतां कोणाच्या हातून हौदांत मीठ सांडलें आणि तें सर्व पाण्यांत मिसळून गेलें असें समजूं. तें किती दिवसांत निघून जाईल? पांच दिवसांत हौदभर पाणी बाहेर पडतें, तेव्हां पांच दिवसांत मीठही संपेल असें पुष्कळांस वाटतें. हिशेब निराळें सांगतो. पहिल्या दिवशीं पाण्याचा पांचवा हिस्सा बाहेर जातो, त्याबरोबर मिठाचाही पांचवा हिस्सा जातो, आणि शेंकडा ८० मीठ उरतें. दुसऱ्या दिवशीं त्या ८० चा पांचवा हिस्सा, म्हणजे १६, जातात आणि ६४ उरतात. तिसऱ्या दिवसाअखेर ५१, चौथ्या दिवसाअखेर ४१ आणि पांचव्या दिवसाअखेर सुमारें ३३ उरतात. म्हणजे मुक्कामाचा काळ संपला तरी तिसरा हिस्सा मीठ हौदांत आहेच! एखाद्या तळ्याची घाण थांबविल्यावर लोक दुसऱ्याच वर्षीं निर्मळ पाण्याची अपेक्षा करतात आणि तें दिसलें नाहीं म्हणजे सारा खटाटोप व्यर्थ गेला असें म्हणूं लागतात. त्यांनीं हा हौदाचा हिशेब एकदां मांडून पाहावा.

येथेंच दुसरा धडा दडलेला आहे. आपण दिवसांतून एकदांच हिशेब केला. पण तोटी तर दिवसभर वाहत होती. दिवसाचे दोन भाग करून प्रत्येक अर्ध्या दिवसाला दहावा हिस्सा काढीत गेलें, तर पांच दिवसांनीं ३३ ऐवजीं ३५ उरतात. दर तासाला हिशेब केला तर ३६.६ उरतात. कालाचे तुकडे आणखी बारीक करीत गेलें तर उत्तर ३६.८ पाशीं येऊन स्थिरावतें. कलनगणित जाणणारा मनुष्य हें उत्तर एका ओळींत काढतो. संगणक तेंच उत्तर असंख्य लहान पावलांनीं काढतो. उलट, आळसानें कोणीं एकदम दहा दिवसांचें पाऊल टाकलें, तर दर दिवसास २० प्रमाणें १०० मधून २०० वजा होतात आणि हौदांत उणें १०० मीठ शिल्लक राहतें! असें मीठ कोणाच्याही स्वयंपाकघरांत सांपडावयाचें नाहीं. तात्पर्य, उत्तर विचित्र आलें म्हणजे नेहमीं निसर्गच विचित्र असतो असें नाहीं. कधीं कधीं आपलें पाऊलच मोठें पडलेलें असतें. पाऊल निम्मे करून उत्तर बदलतें कीं काय तें पाहणें, हा या विद्येंतला पहिला नेम आहे.

आणि तिसरा धडा? ‘मीठ सर्व पाण्यांत मिसळून गेलें’ असें आपण सहज म्हणून गेलों. तें आपलें गृहीत होतें. लहान हौदांत तें बहुधा खरें ठरेल. खोल सरोवरांत उन्हाळ्याच्या दिवसांत वरचें पाणी तापून हलकें होतें आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतें. तेथें एका हौदाचें खातें पुरत नाहीं; वरच्या थराचें एक आणि खालच्या थराचें एक अशीं दोन खातीं उघडावीं लागतात आणि त्यांच्यामधील देवघेवही लिहावी लागते. प्रतिमानें मोठीं होत जातात तीं अशीं, एकेका गृहीताचा त्याग करीत. म्हणून शिकणारानें वहीच्या पहिल्या पानावर आपलीं गृहीतें क्रमवार लिहून ठेवावीं. न लिहिलेलें गृहीत हें न दिसणाऱ्या खड्ड्यासारखें असतें. त्यांत प्रथम स्वतः लिहिणाराच पडतो.

हौदाचा हिशेब मोठ्या सरोवराला लागू पडतो काय? याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत सिअ‍ॅटल शहराजवळ घडलें. तेथील वॉशिंग्टन सरोवरांत १९४१ पासून भोंवतालच्या वस्तीचें सांडपाणी शुद्धीकरण करून सोडलें जात होतें. त्या शुद्धीकरणानें घाण जात असे, पण पाण्यांत विरघळलेला स्फुरद पुष्कळसा तसाच राहत असे. आणि शेतांतील पिकाला जसें खत, तसा सरोवरांतील शेवाळवर्गीय वनस्पतींना स्फुरद. १९५५ सालीं तेथें एका विशिष्ट जातीची सूक्ष्म वनस्पति दिसूं लागली. युरोपांतील सरोवरें बिघडण्याच्या मार्गाला लागलीं तेव्हां हीच जात तेथें आढळली होती. वॉशिंग्टन विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ एडमंडसन यांनीं सरोवरांत येणाऱ्या व जाणाऱ्या पोषक द्रव्यांचा हिशेब मांडून लोकांना इशारा दिला कीं, असेंच चालू राहिलें तर सरोवर बिघडत जाईल. आणि सांडपाणी दुसरीकडे वळविलें तर तें सुधारेल. त्या सरोवरांत पाण्याचा मुक्काम सुमारें अडीच वर्षांचा आहे, म्हणून ही सुधारणा एका पिढीच्या डोळ्यांदेखत होण्यासारखी होती. १९५८ सालीं नागरिकांनीं मतदान करून या कामाचा खर्च आपल्या शिरावर घेतला. १९६३ ते १९६८ या काळांत सांडपाणी टप्प्याटप्प्यानें वळविण्यांत आलें. १९६३ च्या सुमारास उन्हाळ्यांत पाण्यांत सोडलेली पांढरी तबकडी मीटरभर खोलीवर दिसेनाशी होई. १९७० च्या सुमारास ती तिप्पट खोलीपर्यंत दिसूं लागली. कागदावरच्या सरोवरानें जें सांगितलें होतें तें खऱ्या सरोवरानें करून दाखविलें.

पण या कथेला एक पुरवणी आहे, आणि शिकणाराला तिचें मोल अधिक. १९७६ सालीं पाणी एकाएकीं कितीतरी अधिक स्वच्छ झालें. त्या वर्षीं स्फुरदाच्या खात्यांत तसें कांहींच घडलें नव्हतें. शोध घेतां असें आढळलें कीं, सूक्ष्म वनस्पति खाऊन राहणारे पाणपिसवांसारखे बारीक जीव सरोवरांत फार वाढले होते. पूर्वीं त्यांना खाणारा कोळंबीसारखा एक लहान प्राणी आतां कमी झाला होता. आणि त्यांच्या भोजनांत अडथळा आणणारी ती तंतुमय सूक्ष्म वनस्पतिही नाहींशी झाली होती. स्फुरदाचा जमाखर्च चुकला नव्हता. पण कोण कोणाला खातो याचें खातें त्या वहींत नव्हतेंच. चांगल्या प्रतिमानाचा हाही एक उपयोग आहे. त्याचा हिशेब जेथें जुळेनासा होतो तेथेंच नव्या ज्ञानाचें दार असतें.

आतां आपण आरंभीं सोडून दिलेल्या नदीकडे वळूं. नदीच्या प्रतिमानांत सर्वांत प्रसिद्ध तें १९२५ सालीं अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या वतीनें स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनीं ओहायो नदीच्या अभ्यासावरून प्रसिद्ध केलें. तें शंभर वर्षांचें झालें तरी विद्यार्थी आजही आरंभ त्यापासूनच करतात, कारण त्यांत जमेची एकच बाब आहे आणि खर्चाची एकच. हिशेब आहे पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूचा. २० अंश उष्णतामानाच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांवर तो साडेसातांवर येतो. पाण्यांतले जंतु मैल्याचें विघटन करतात आणि त्या कामीं हा प्राणवायु खर्च करतात. मैला जितका अधिक शिल्लक, तितका खर्चाचा वेग अधिक. जमेची बाजू हवेकडून येते: नदीचा पृष्ठभाग हवेंतून प्राणवायु शोषून घेतो, आणि पाण्यांत प्राणवायूचा तुटवडा जितका मोठा, तितका हा पुरवठाही जलद होतो. ‘जितकें अधिक, तितका वेग अधिक’ हा नियम हौदांतल्या मिठालाही लागू होता. तोच येथें दोन बाजूंनीं आला आहे, इतकेंच.

उदाहरणासाठीं सोयीचे आंकडे घेऊं. नदींत प्राणवायु भरपूर म्हणजे दर लिटरास ८ मिलिग्रॅम मावतो. मैला मिसळतो त्या ठिकाणीं तो ७ आहे, म्हणजे तुटवडा १ चा. मैला इतका आहे कीं त्याच्या पूर्ण विघटनास दर लिटरास २० मिलिग्रॅम प्राणवायु लागेल. विघटन उरलेल्या मैल्याच्या दररोज दहांत तीन या वेगानें होतें. हवेचा पुरवठा तुटवड्याच्या दररोज दहांत सहा या वेगानें होतो. अगदीं पहिल्या क्षणीं खर्चाचा वेग दिवसाला ६ आणि जमेचा केवळ ०.६, म्हणजे खर्च जमेच्या दसपट! अशा घराचें जें होतें तेंच नदीचें होतें. पहिला दिवस संपतां प्राणवायु ३.६ वर येतो. दुसऱ्या दिवसानंतर थोड्याच वेळांत तो २.७ ह्या नीचांकास पोंचतो. तोंपर्यंत मैला निम्म्यावर आलेला असतो आणि तुटवडा वाढल्यामुळें हवेचा पुरवठाही वाढलेला असतो. त्या क्षणीं जमा आणि खर्च समसमान होतात. तेथून नदी सावरूं लागते: तिसऱ्या दिवसाअखेर ३.०, चौथ्या दिवसाअखेर ३.७, पांचव्या दिवसाअखेर ४.५ आणि सातव्या दिवसाअखेर ५.८. हे आंकडे चौकटींच्या कागदावर मांडले तर मध्यें खोलगट झालेली एक रेषा मिळते. सैल बांधलेल्या दोरीला जसा झोळ पडतो तशी.

या झोळांतच सारें मर्म आहे. नदी दिवसाला २० किलोमीटर वाहते असें धरलें तर सर्वांत वाईट स्थिति मैला पडतो तेथें नसून त्याच्या खालीं सुमारें ४३ किलोमीटरांवर असते! पुलाशीं उभें राहून नमुना घेणाऱ्या अंमलदाराला ७ मिलिग्रॅम प्राणवायु आढळतो आणि तो समाधानानें परत जातो. मासे मरतात ते दोन दिवसांच्या वाटेवरच्या गांवीं, आणि तेथील लोक आपल्याच घाटावर कोणी विष कालवलें कीं काय म्हणून एकमेकांकडे संशयानें पाहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारींत मत्स्यजीवनासाठीं दर लिटरास निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायु असावा असें सांगितलें आहे. आपल्या कागदी नदींत १६ व्या किलोमीटरापासून ८८ व्या किलोमीटरापर्यंत, म्हणजे सुमारें ७२ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत, तो त्याहून कमी भरतो. त्या पट्ट्यांत कोणतीं गांवें येतात हें पाहणें मग नकाशाचें काम.

आतां कारभाऱ्यांचा प्रश्न घेऊं. मैल्याचा चौथा हिस्सा काढून टाकला, म्हणजे २० चे १५ केले, तर हिशेबाअंतीं नीचांक जवळजवळ ४ वर येतो. मग चौथा हिस्सा पुरे, असा ठराव करावा काय? येथें चांगला शास्त्रज्ञ सही करण्यापूर्वीं थांबतो आणि स्वतःलाच विचारतो: दहांत सहा हा पुरवठ्याचा वेग मीं आणला कोठून? नदी उथळ आणि खळाळती असेल तर तो वेग मोठा असतो. खोल, संथ डोहांत तो लहान असतो. समजा, खरा वेग दहांत सहा नसून दहांत चार आहे. तर मैला मुळींच न काढतां नीचांक २.७ नव्हे, सुमारें १.३ येतो, आणि चौथा हिस्सा काढूनही तो २.९ वरच राहतो. ४ गांठावयाचे असतील तर शेंकडा ४० हून अधिक मैला काढावा लागतो. एका आंकड्यांतील एवढ्या फरकानें पुरेसा वाटणारा ठराव अपुरा ठरला! म्हणून प्रत्येक आंकडा थोडा वरखालीं करून उत्तर किती हालतें तें पाहावें. जो आंकडा हालविल्यानें उत्तर फारसें हालत नाहीं तो अदमासानें घेतला तरी चालेल. जो हालवितांच निर्णय पालटतो, तो मोजण्यासाठीं मात्र माणसें नदीवर पाठविलींच पाहिजेत. मोजमापाचा पैसा कोठें खर्च करावा हें सांगणें हा प्रतिमानाचा मोठाच उपयोग आहे.

शिवाय या नदींत आपण काय गाळलें? तळाशीं सांचलेला गाळ प्राणवायु खातो, तो गाळला. पाणवनस्पति दिवसा सूर्यप्रकाशांत प्राणवायु देतात आणि रात्रीं तो घेतात. त्यामुळें दुपारचा नमुना आणि पहांटेचा नमुना यांत मोठें अंतर पडूं शकतें, तेंही गाळलें. आपल्या दख्खनच्या पठारावरील नद्यांपुरतें सांगावयाचें तर त्या पावसावर जगणाऱ्या नद्या आहेत. श्रावणांत दुथडी भरून वाहणारी नदी वैशाखांत रोडावते. मैला तितकाच, पाणी थोडें. त्यांत ऊन कडक, म्हणजे प्राणवायु मावतो कमी आणि जंतूंची भूक असते अधिक. वर्षभराच्या सरासरीवर केलेला हिशेब अशा नदीला फसवा ठरतो. येथें प्रतिमान वैशाखाचें मांडलें पाहिजे.

आतांपर्यंत पाहिलीं तीं कार्यकारणावर उभारलेलीं प्रतिमानें. दुसरी एक जात आहे ती सहचारावर उभारलेली असते. अमुक घडलें तेव्हां तमुक घडलें, असें पुष्कळ वर्षांच्या नोंदींवरून पाहून ती भाकित करते. या पद्धतीचा आपल्या देशाशीं जुना संबंध आहे. १९०४ ते १९२४ या काळांत हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनीं पावसाळ्याचा अंदाज करण्यासाठीं जगभरच्या हवेच्या दाबांच्या नोंदी चाळल्या. त्यांतून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील दाबांचा आंदोलासारखा चढउतार त्यांच्या हातीं लागला. पुढें १९८८ पासून हवामानखातें सोळा घटकांवर आधारलेलें एक प्रतिमान वापरूं लागलें. १९८९ ते २००१ हीं सलग तेरा वर्षें देशाचा पाऊस सर्वसाधारण झाला, आणि अंदाजही सर्वसाधारण पावसाचाच होता. २००२ सालीं अंदाज होता सरासरीच्या शेंकडा १०१ चा. पाऊस झाला शेंकडा ८१. त्या वर्षींचा दुष्काळ पुष्कळांच्या स्मरणांत असेल. २००३ सालीं तें प्रतिमान बदलण्यांत आलें.

यावरून सहचाराचीं प्रतिमानें टाकाऊ, असा निष्कर्ष काढूं नये. पण त्यांचा धोका ओळखून असावें. जोंपर्यंत जग मागच्यासारखें चालतें तोंपर्यंत तीं चालतात. कां चालतात तें त्यांना स्वतःला ठाऊक नसतें. कार्यकारणाचीं प्रतिमानें रचण्यास कठीण आणि आंकड्यांचीं भुकेलीं असतात. परंतु पूर्वीं कधीं न घडलेल्या गोष्टीविषयीं त्यांना निदान प्रश्न तरी विचारतां येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंत २०१२ पासून ‘मान्सून मिशन’ या उपक्रमाखालीं जें काम झालें तें हवा आणि समुद्र यांचें एकत्र कार्यकारण मांडणाऱ्या प्रतिमानांवर. त्यांत साऱ्या पृथ्वीच्या वातावरणाचे व सागराचे असंख्य चौकोनी हौद केलेले असतात, आणि प्रत्येक हौदाचा शेजाऱ्याशीं उष्णतेचा, वाऱ्याचा व बाष्पाचा जमाखर्च संगणक क्षणाक्षणाला लिहितो. मूळ वाक्य मात्र आपल्या घरच्या हौदाचेंच.

प्रतिमान खरें कीं खोटें हें ठरवावयाचें कसें? येथें नवशिक्यांची एक चूक नेहमीं होते. नदीच्या एका वर्षाच्या नोंदी घेऊन ते वेगाचे आंकडे असे बसवितात कीं रेषा बरोबर त्या नोंदींवरून जावी; आणि मग ती तशी गेली म्हणून आनंद मानतात. हें म्हणजे प्रश्नपत्रिका आधीं पाहून परीक्षेला बसण्यासारखें आहे. ज्या नोंदींवरून आंकडे बसविले त्या बाजूला ठेवाव्या आणि दुसऱ्या वर्षाच्या, शक्य तर निराळ्या प्रकारच्या वर्षाच्या, नोंदींशीं उत्तर ताडून पाहावें. ओल्या वर्षावर बसविलेलें प्रतिमान कोरड्या वर्षीं टिकलें, तर त्यावर थोडा भरंवसा ठेवावा. आणि उत्तर देतांना एकच संख्या देऊं नये. ‘अडीच ते साडेतीन यांच्या दरम्यान’ असें सांगणारा मनुष्य ‘२.९७’ असें ठासून सांगणाऱ्यापेक्षां पुष्कळदां अधिक प्रामाणिक असतो.

ज्यांना ही विद्या शिकावी असें वाटत असेल त्यांनीं एक बादली घेऊन आरंभ करावा. तींत १० लिटर पाणी भरून थोडी शाई मिसळावी. एक लिटर पाणी काढावें, एक लिटर स्वच्छ पाणी घालावें, ढवळावें, आणि प्रत्येक वेळचें थोडें पाणी कांचेच्या पेल्यांत राखून ठेवावें. रंग निम्मा होण्यास किती वेळां असें करावें लागेल, याचा अंदाज आधीं वहींत लिहावा. पुष्कळजण पांच म्हणतात. प्रत्येक वेळीं दहांतले नऊ उरतात, या नियमानें हिशेब केला तर सातव्या वेळीं ४८ उरतात. शेवटच्या पेल्याचा रंग मूळच्या पाण्यांत तितकेंच स्वच्छ पाणी घालून केलेल्या रंगाशीं ताडून पाहिला म्हणजे डोळ्यांनींच ताळा मिळतो. घरांतील मुलांना हा खेळ आवडेल, आणि मोठ्यांना त्यांत मुक्कामाचा काळ, वेगाचा नियम व पूर्ण मिसळण्याचें गृहीत हीं तीनही भेटतील. त्यानंतर संगणकावर ओळी व रकाने पाडून तोच हिशेब करावा. मग नदीचा करावा. आणि कलनगणिताकडे वळावें तें त्याची गरज भासूं लागल्यावर. गरजेपोटीं शिकलेलें गणित विसरत नाहीं.

श्रोतेहो, प्रत्येकानें प्रतिमानें रचावींत असा माझा आग्रह नाहीं. पण धरण, सांडपाणी, कारखाना, महामार्ग यांविषयींचे निर्णय यापुढें अधिकाधिक प्रमाणांत अशा कागदी नद्यांच्या साक्षीवर होणार आहेत, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचा अधिकार नागरिकांचा आहे. त्यासाठीं पांच प्रश्न पुरतात. तुमच्या हिशेबाची शींव कोठें आहे, आणि आमचा गांव तिच्या आंत आहे कीं बाहेर? जमेच्या व खर्चाच्या बाबी कोणत्या धरल्या आणि कोणत्या गाळल्या? आंकडे आमच्या नदीवर मोजले, कीं दुसरीकडून आणले? कोणता आंकडा बदलला असतां निर्णय बदलतो? आणि ज्या नोंदी तुम्हीं आधीं पाहिल्या नव्हत्या त्यांच्याशीं तुमचें उत्तर ताडून पाहिलें काय? या पांच प्रश्नांचीं उत्तरें ज्या प्रतिमानांत उघड लिहिलेलीं आहेत, त्याचा निष्कर्ष पुढें चुकला तरी चूक शोधून काढतां येते आणि हिशेब सुधारतां येतो. ज्यांत तीं नाहींत तो अहवाल कितीही जाड असला तरी ती बंद वही होय. आणि बंद वहीवर विश्वास ठेवून कोणीही आपलें घर चालवीत नाहीं, मग नदी कां चालवावी?